आईला बोलायला शिकवताना

बारावीनंतर मी कसलं शिक्षण घ्यायला चालले आहे हे गावात कुणाला सांगता यायचं नाही, कारण माझं मलाच ते धड सांगता येत नव्हतं. डॉक्टरकीला मार्क कमी पडले होते. प्रवेशाच्या यादीत खाली खाली उतरताना एका लांबलचक नावाच्या पदवीवर माझं बोट थांबलं. बोलण्यातले आणि ऐकण्यातले दोष तपासायचे, त्यांवर उपचार करायचे. चार वर्षांचा अभ्यास, कॉलेज मुंबईत, राहायला हॉस्टेल. शहापुरात ज्या दुकानात मी फॉर्म भरला तिथल्या माणसानंही मान वर करून विचारलं, "ताई, हे नक्की काय असतं?"

बाबांना मी सोपं करून सांगितलं, की ज्यांना बोलता येत नाही त्यांना बोलायला शिकवायचं. लावणीचे दिवस होते. बाबा बांधावर बसून पायाचा चिखल काढत होते. म्हणाले, "ते तर तुझी आय रोज करते. त्याला मुंबईला कशाला जायला पायजे?"

आई अंगणवाडी सेविका होती. आमचं गाव किन्हवलीपासून थोडं आत आहे आणि अंगणवाडी देवळामागच्या एका खोलीत भरते. गावातली पोरं तिथं यायची, वरच्या दोन पाड्यांवरचीही यायची. पाड्यावरच्या पोरांची घरची बोली वेगळी, त्यामुळे पहिले काही दिवस ती नुसती टकामका बघत बसायची. आईनं त्यांच्या आयांकडून त्या बोलीतले शब्द शिकून घेतले होते. भूक, पाणी, शी, घर, कोंबडी. एवढ्यावर ती पोरांना बोलतं करायची. मग एक ओळ ती म्हणायची, तीच ओळ सगळी पोरं तिच्यामागून म्हणायची. तिनं स्वतः जुळवलेलं एक गाणं होतं, "नाक कुठं, कान कुठं, बाईंचं मोठं पोट कुठं". पोटाची ओळ आली की पोरं धावत येऊन तिच्या पोटाला हात लावायची.

माझ्या शिक्षणाचं खरं कौतुक तिलाच होतं. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. जेवलीस का, काय शिकवलं, एवढं विचारायची आणि मी सांगेन ते मन लावून ऐकायची. पहिल्याच वर्षी मी तिला सांगितलं, की जे मूल बोलत नाही त्याला पुष्कळदा ऐकूच येत नसतं. दुसऱ्या दिवशी तिनं पाड्यावरच्या एका मुक्या म्हणवल्या जाणाऱ्या मुलीच्या पाठीमागे उभं राहून जेवणाची थाळी वाजवली. बाकीची सगळी पोरं दचकली, ती मुलगी खाली बघून खडे मांडत राहिली. त्याच आठवड्यात आई तिला आणि तिच्या आईला एसटीनं शहापूरला घेऊन गेली. तिथून पुढे ठाण्याला. त्या मुलीच्या कानात मशीन बसलं त्या दिवशी आईनं मला कॉलेजच्या वेळेत फोन केला. "तुझ्या शाळेचा उपेग झाला गो," म्हणाली.

त्या पहिल्या वर्षाची एक गोष्ट मात्र मी तिला कधी सांगितली नाही. आवाजांच्या तासाला आम्हाला एकेक उतारा मोठ्यानं वाचायला लावला होता. माझ्या तोंडून 'पाणी'चं 'पानी' गेलं, पुढे एका 'नाही'चं 'नाय' झालं. मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. शिकवणाऱ्या मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वर्गाला सांगितलं, की ही घरची बोली आहे, हा दोष नाही. पेशंटशी बोलताना दोन्ही यायला हव्यात. मॅडमचं म्हणणं मी वहीत लिहून घेतलं आणि घरी आणलं ते मागच्या बाकावरचं हसणं. सुट्टीत आले की मी आईला टोकायला लागले. "आई, पानी नाही, पाणी. जीभ वर वळव." ती गंमत म्हणून करून बघायची, जमलं नाही की हसायची. पुढे पुढे मी फोनवरही टोकायची. एकदा ती बाबांना म्हणाली, "आमी बोलतो ते आता पोरीला टोचतं." मला ते आतल्या खोलीत ऐकू आलं. तेव्हा त्याचं मला विशेष वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षाच्या थंडीत माझी परीक्षा होती, ऐकण्याच्या यंत्रांच्या विषयाची. संध्याकाळी नेहमीसारखा आईचा फोन आला.

"तू धुतलीस का गो?" आई म्हणाली.

"काय धुतली?"

"नाय... धुतलीस का... आपलं ते..." ती थांबली. मग पुन्हा काहीतरी बोलली, शब्दासारखं, पण शब्द नव्हे. माझ्यासमोर वही उघडी होती.

"आई, नीट बोल ना. मला अभ्यास आहे."

ती जरा हसली. मग म्हणाली, "ठेव", आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. पेपर कसा गेला विचारलं, जेवलीस का विचारलं. मी आदल्या दिवसाचं विसरून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला. बाबा आपणहून कधी फोन करत नाहीत. "आयला शहापूरला न्येतोय," एवढंच म्हणाले.

त्या सकाळी काय झालं ते मला अंगणवाडीतल्या मदतनीस बाईंनी पुढे सांगितलं. त्या आईपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, खिचडी शिजवायच्या, पोरांना आणायच्या-सोडायच्या. आई पोरांना गोल बसवत होती. बसवता बसवता तिच्या तोंडून भलतंच काहीतरी निघालं. कुठल्याच भाषेतलं नाही असं. आणि पोरं रोज करायची तेच त्यांनी केलं, आई जे बोलली ते तिच्यामागून मोठ्यानं म्हटलं. आईनं घाबरून पुन्हा काही सांगायचा प्रयत्न केला. पोरांनी तेही म्हटलं. त्यांना वाटलं, बाईंनी नवीन गाणं आणलं. मदतनीस बाईंनी चुलीकडून वळून पाहिलं तोवर आई भिंतीला टेकून खाली सरकत होती आणि पोरं हसत होती.

शहापूरच्या सरकारी दवाखान्यातून तिला ठाण्याला हलवलं. मी पोचले तेव्हा तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात चादरीवर दुसऱ्या कुणाचा तरी ठेवल्यासारखा पडला होता. मला पाहताच तिचे डोळे भरले. ती म्हणाली, "बसा, बसा."

मी स्टुलावर बसले. तिनं डोकं हलवलं, तिला ते म्हणायचं नव्हतं. पुन्हा जोर लावून म्हणाली, "बसा, बसा." तिच्याकडे तेवढाच शब्द उरला होता. अंगणवाडीत दिवसातून शंभरदा म्हणायची तो. पाणी हवं असलं तरी बसा, बसा. दुखलं तरी तेच. नर्सचा राग आला तरी तेच, फक्त आवाज चढवून. मेंदूच्या झटक्यानंतर काही माणसांचे शब्द असे हरवतात आणि एखादाच जिभेवर अडकून राहतो, हे मी वरच्या वर्गातल्या मुलींकडून ऐकलं होतं. ऐकलं होतं तेव्हा मला ते मनोरंजक वाटलं होतं.

दोन आठवड्यांनी तिला घरी आणलं. भिंत धरून धरून चालायला लागली, हात तसाच राहिला. कॉलेजात अशा पेशंटचा विभाग ज्या मॅडमकडे होता त्यांच्याकडे बाबा तिला दोनदा घेऊन आले. किन्हवलीहून एसटी, मग रिक्षा, मग गाडी, मग पुन्हा टॅक्सी. दुसऱ्या वेळी ती कॉलेजच्या पायऱ्यांवरच बसली आणि उठेना. मॅडमनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "तुमच्या भागात जवळ कुणी नाही, त्यामुळे तुलाच करावं लागेल, ते मला कळतं. पण एक लक्षात ठेव. थेरपिस्ट तिला पुढेमागे दुसरी मिळू शकेल. मुलगी तू एकटीच आहेस."

मी मान हलवली. शनिवारी घरी गेले ती बॅगेत चित्रांची कार्डं घेऊन.

कार्डांवर कप, छत्री, बूट, केक, सोफा अशी चित्रं होती. मी ओटीवर तिच्यासमोर पाट टाकून बसायचे आणि वर्गातल्यासारखं विचारायचे, "हे काय आहे?" आई कार्डाकडे बघायची, माझ्याकडे बघायची. ओठ जुळवायची. कपाळावर घाम यायचा. आणि शेवटी "बसा". मी म्हणायचे, "नाही. पुन्हा." गाणं मात्र तिच्यात अख्खं शाबूत होतं. मी सुरुवात करून दिली की ती सुरात म्हणायची, नाक कुठं, कान कुठं, एकही शब्द न चुकता. गाणं म्हणताना आमच्या दोघींच्या चेहऱ्यावर हसू यायचं. मग मी माझ्या कानाला बोट लावून विचारायचे, हे काय, आणि ती तोंड उघडून तशीच राहायची. एवढ्यात तिनं तो शब्द गायला होता. गाण्याची आणि बोलण्याची वाट मेंदूत वेगळी असते हे आम्हाला शिकवलं होतं, मला ते माहीत होतं. माहीत असून मी पुन्हा पुन्हा कानाला बोट लावायचे.

होळीच्या आसपासची गोष्ट. उन्हं वाढली होती. मी तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला होता आणि ठरवलं होतं, की ती शब्द म्हणाल्याशिवाय तांब्या द्यायचा नाही. असं करायचं असतं असं मला कुणी शिकवलं नव्हतं, ते मी माझंच काढलं होतं. ती बराच वेळ तांब्याकडे बघत राहिली. मग तिचे ओठ मिटले, उघडले, आणि ती म्हणाली, "पा... पानी."

दोन महिन्यांत 'बसा' सोडून तिचा हा पहिला शब्द होता. आणि माझ्या तोंडून, विचार करायच्या आत, सवयीनं निघून गेलं, "पाणी."

आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तिनं डावा हात उचलला, माझ्या तोंडावर ठेवला आणि हळूच दाबला. मग भिंत धरून उठली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. तांब्या तसाच राहिला. त्या दिवशी ती एक अक्षर बोलली नाही. बसासुद्धा नाही. मी दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं परत निघाले तेव्हा तिनं मला हातानं जा असं केलं, बस.

त्यानंतर मी कार्डं नेणं सोडलं. शेजारची काकू काय बोलते, बाबा काय बोलतात, तसंच बोलायला लागले. ते मला नव्यानं शिकावं लागलं, इतकं मी दोन वर्षांत ते घासून काढलं होतं. हळूहळू तिचे काही शब्द परत आले. नको. चा. बाय, ही मला मारलेली हाक. नाय. हे सगळं यायला पावसाळा उजाडला. पण ज्या बाईनं गावाला बोलायला शिकवलं तिच्या तोंडात दहा-बारा शब्द, आणि आपल्याला काय झालं आहे हे तिला पूर्ण कळत होतं. त्याचाच तिला जास्त त्रास व्हायचा. कुणी भेटायला आलं की ती परसात जाऊन बसायची.

अंगणवाडीत तिच्या जागी नवीन बाई आल्या होत्या, स्वभावानं चांगल्या. त्यांनीच मदतनीस बाईंकडून निरोप पाठवला, की बाईंना घेऊन या, पोरांना बघून बरं वाटेल. एका शनिवारी मी आईला घेऊन गेले. पोरं उभी राहिली, गोंधळ घालायला लागली. आई दारातच म्हणाली, "बसा, बसा." आणि सगळी पोरं पटापट खाली बसली.

इतक्या महिन्यांत हा शब्द पहिल्यांदाच तिला म्हणायचा होता म्हणून निघाला होता, आणि समोरच्यांना तो कळला होता. तिचा चेहरा असा उजळला, की मदतनीस बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, आता ही इथं रोज येईल. तेवढ्यात पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, "बाई, गोष्ट सांगा ना."

आईनं तोंड उघडलं. पोरं वाट बघत राहिली. ती लहान पोरं होती, तिच्या तोंडाकडे बघत होती, आपण मागून म्हणायची ओळ कधी येते म्हणून. आईचे ओठ हलत राहिले. मग ती वळली आणि पायरी उतरून घराकडे चालायला लागली, पाय ओढत, मी हात द्यायला गेले तर माझा हात झटकून. पुन्हा ती देवळाच्या बाजूला फिरकली नाही.

तिसऱ्या वर्षी मेंदूचा विषय आला. पावसाळ्याच्या शेवटी एका तासाला सरांनी फळ्यावर लिहून सांगितलं, की मोठ्या झटक्याच्या आधी पुष्कळदा एक छोटा इशारा येतो. माणूस मिनिटभर भलताच शब्द बोलतो, किंवा त्याला शब्दच सापडत नाही, आणि मग सगळं आपोआप ठीक होतं. ठीक होतं म्हणून कुणी लक्ष देत नाही. तेव्हाच दवाखान्यात नेलं तर बऱ्याचदा पुढचं टळतं. सर म्हणाले, "हे लिहून घ्या, हे परीक्षेला येतं." शेजारच्या मुलीनं लिहून घेतलं. मी पेन हातात धरून बसले होते. माझ्या कानात आई विचारत होती, धुतलीस का, आणि मी तिला सांगत होते, नीट बोल.

तो तास संपला, पुढचा झाला, मी बाकावरच होते. कुणाला काही सांगितलं नाही. मॅडमनाही नाही. पुढचे तीन-चार महिने मी घरी जायचे, आईचं करायचे, परत यायचे, आणि बाबांच्या नजरेला नजर द्यायचं टाळायचे. गप्प राहिले तर हे माझ्यापुरतं राहील असं वाटायचं. पण ते माझ्यापुरतंही राहत नव्हतं. क्लिनिकमध्ये पेशंट चुकीचा शब्द बोलला की मी नोंद करायची विसरायचे. तोंडी परीक्षेत सोप्या प्रश्नाला मी अडखळले आणि त्या विषयात जेमतेम सुटले.

थंडीत भेंडी लागली. आमच्याकडे भातानंतर तीच असते, सकाळी लवकर तोडायची आणि बाजाराच्या गाडीत घालायची. आईला जमत नव्हतं म्हणून मी सुट्टीत बाबांबरोबर जायचे. भेंडीची कूस, तिच्यावरची बारीक टोचरी लव, लागते, म्हणून हाताला जुने मोजे घालून आम्ही एकेका ओळीतून चाललो होतो. बाबा माझ्या पुढे होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती, म्हणूनच बहुतेक मला बोलता आलं.

"बाबा, आईला झटका आला ना, त्याच्या आधी दोन दिवस ती फोनवर चुकीचं बोलली होती. मला कळायला पायजे होतं. मी तिला नीट बोल म्हणाले आणि फोन ठेवू दिला."

बाबा तोडायचे थांबले नाहीत. दोन-तीन झाडं पुढे गेले. मग तसेच पाठमोरे म्हणाले, "कवा? परीक्षा होती तवा?"

"हो."

"त्याच्या आदल्या दिशी जेवताना मला म्हणाली, बादली वाढू का. भात वाढायचा सोडून. मी हसलो. तिला पन हसू आलं. मी म्हणालो, म्हातारी झालीस. दोन घास माझ्या नाकात गेले हसता हसता." ते वळले. मोजा घातलेला हात त्यांनी तोंडावरून फिरवला आणि कूस लागली असणार, डोळे चोळत राहिले. "मी कुणाला बोललो नाय. तुला तर नायच नाय. तू शिकतेस त्यातलं, तुला कळलं असतं का आदी सांगितलं असतं तर, याचा विचार करून करून..."

कित्येक महिने आम्ही एकाच घरात तीच गोष्ट दोन ठिकाणी लपवून बसलो होतो. मी त्यांच्याजवळ गेले. आमच्यात गळ्यात पडायची पद्धत नाही. मी त्यांच्या हातातली टोपली घेतली. ओळ पुरी केली. गाडी यायची वेळ झाली होती.

आई पुढच्या थंडीत गेली. माझं शेवटचं वर्ष चालू होतं, त्यात प्रत्यक्ष काम करायचं असतं. दुसरा झटका मोठा होता. या वेळी आम्ही उशीर केला नाही, तरी उपयोग झाला नाही. ती तीन दिवस होती. त्याच्या आदल्या रविवारी मी घरून निघताना तिला चहा करून देऊ का विचारलं होतं, ती म्हणाली होती, "चा नको." माझ्याशी बोललेले तिचे शेवटचे शब्द ते. मी पुष्कळ दिवस त्यात काहीतरी शोधत होते. त्यात काही नव्हतं. तिला चहा नको होता.

दहाव्याला पाड्यांवरच्या बायका आल्या. कानात मशीन असलेली ती मुलगीही आईबरोबर आली होती, आता शाळेत जाते. तिनं मला विचारलं, "बाई कुठं गेल्या?" शब्द जरा बोबडे, पण स्वच्छ. तिच्या आईनं तिला गप्प केलं.

पदवी मिळाली. आता मी आठवड्यातले दोन दिवस मुरबाडला बसते, दोन दिवस शहापूरला. खोली छोटी असते, बाहेर बाकडं. झटका आलेली माणसं येतात, टाळू फाटलेली बाळं येतात, उशिरा बोलणारी पोरं येतात. खर्डीकडून येतात, सरळगावकडून येतात. मी स्वतः फोटो काढून कार्डं केली आहेत, विळा, सूप, पाटी, उखळ, मोह, भेंडी. कुणी पानी म्हणालं की मी पानी लिहून घेते. यानं मला बरं वाटतं असं मात्र नाही. दर वेळी मला ती दुपार दिसते, आणि मी पुढच्या पेशंटला आत बोलावते.

गेल्या दिवाळीत बाबांनी विचारलं, "तिचा आवाज हाय का गो तुझ्याकडं? मोबाइलमदी?"

आईचे फोटो आहेत, कुणाच्या तरी लग्नातला एक आवाज नसलेला व्हिडिओ आहे. रोज संध्याकाळी फोन यायचा, तो कधी कुणी साठवून ठेवतं का? माझ्याकडे होती ती फक्त उपचाराची रेकॉर्डिंग. कॉलेजात प्रत्येक बैठक रेकॉर्ड करावी लागते, म्हणून मी घरीही केली होती. मी बाबांना म्हणाले, ती ऐकू नका, त्यात ती बोलत नाही. ते म्हणाले, लाव.

दुपारची वेळ होती. आम्ही ओटीवर बसलो. मी मधलं एक लावलं. माझाच आवाज येत होता, कडक आणि घाईचा. हे काय आहे. नाही. पुन्हा म्हण. पुन्हा म्हण. मध्ये आईचा श्वास, मध्ये बसा, मध्ये कोंबड्या. मला ते ऐकवेना. मी बंद करायला हात पुढे केला, तर बाबांनी माझं मनगट धरलं.

"थांब. मागं ने जरा."

मी मागे नेलं. माझ्या 'पुन्हा म्हण'च्या पाठीमागे, लांबून, अंगणातून बाबांचा आवाज होता. "दोरी कुठं ठेवलीस गो?" आणि लगेच, माझ्या प्रश्नाच्या मधून, आईचा, सहज, काही जोर न लावता:

"मागं."

माझा आवाज तिथंही थांबलेला नव्हता. मी पुढचं कार्ड दाखवत होते. त्या दिवसाच्या माझ्या नोंदीत मी लिहिलं होतं, पेशंटनं 'बसा' सोडून एकही शब्द उच्चारला नाही. मी नंतर वही काढून पाहिलं, तसंच लिहिलं होतं, तारखेसकट, सहीसकट.

"मागंच होती दोरी," बाबा म्हणाले. "पडवीत, खुंटीला. मला सापडली."

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मी चार-पाच वेळा लावलं. मग गाय हंबरायला लागली, तिचं पाणी राहिलं होतं, म्हणून ते उठले.